आजची बातमी आपल्या वस्तीची
शालेय विद्यार्थ्यांना व्हिडिओनिर्मिती आणि प्रसारण शिकवण्याचा प्रश्न : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातून एक आढावा

प्रार्थना संपते आणि परिपाठ सुरू होतो. सुविचार होतो, दिनविशेष होतो आणि मग एक मुलगी वही उघडून वाचू लागते, "आजच्या ठळक बातम्या." भोसरी, चिंचवड, मोशी, चाकण, कुठल्याही मराठी शाळेत सकाळी हेच ऐकू येते. बातम्या वर्तमानपत्रातून उतरवून आणलेल्या असतात. दिल्लीची एक, मुंबईची एक, शेवटी क्रिकेटची. त्याच वेळी शाळेच्या भिंतीपलीकडून कंपन्यांच्या बस धावत असतात. त्या बसमध्ये बसलेल्या वडिलांची, रात्रपाळी संपवून परतलेल्या मामाची किंवा पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या आईची बातमी त्या वहीत कधी नसते.

म्हणजे आपल्या शाळेत रोजचे प्रसारण आधीपासूनच आहे. वेळ ठरलेली आहे, निवेदक आहे, श्रोते आहेत. नाही तो वार्ताहर. मुलांना व्हिडिओ आणि प्रसारण शिकवायचे म्हणजे काय, याचा विचार मला या रिकाम्या जागेपासून करावासा वाटतो. गेल्या पन्नास वर्षांत आपण मुलांसाठी पुष्कळ चित्रफिती बनवल्या. मुलांनी बनवाव्यात, ही गोष्ट मात्र हौसेवर सोडून दिली. या लेखात तो सारा पट पाहायचा आहे.

पडद्यासमोर बसवलेली मुले

ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात इस्रोने नासाच्या एटीएस-६ उपग्रहाच्या मदतीने 'साइट' हा प्रयोग केला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसवले गेले आणि सकाळची वेळ शाळकरी मुलांच्या कार्यक्रमांसाठी राखली गेली. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे ही धारा आली ती इन्सॅट उपग्रहांनंतर. १९८४ साली पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. घराघरांत ती 'बालचित्रवाणी' म्हणून ओळखली गेली. सकाळी दूरदर्शनवर लागणारे तिचे कार्यक्रम पाहत एक पिढी मोठी झाली. विज्ञानाचे प्रयोग, गोष्टी, गाणी, कळसूत्री बाहुल्या हे सारे मराठीतून, मराठी मुलांसाठी होत होते. पुढे केंद्राचा निधी आटला, कार्यक्रम थांबले आणि २०१७ मध्ये राज्य शासनाने संस्थाच बंद केली.

तीन वर्षांत करोना आला. शाळांना कुलपे लागली, तेव्हा मुलांपर्यंत पोहोचणारा दृक्-श्राव्य धडा किती मोलाचा असतो हे सगळ्यांना एकदम कळले. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांनी घरातल्या भिंतीला फळा टेकवून, फोन पुस्तकांच्या चळतीवर उभा करून धडे चित्रित केले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची वाट दाखवली होती. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. आज बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड ही नेहमीची गोष्ट आहे.

या सगळ्या कामाबद्दल मनात कृतज्ञता आहे. पण त्यात एक सूत्र समान आहे. निर्माता मोठा माणूस आणि मूल प्रेक्षक. 'साइट'च्याच काळात वेगळे वळण घेतलेला एक प्रयोग गुजरातमध्ये झाला. १९७५ पासून चाललेल्या खेडा संवाद प्रकल्पात गावकऱ्यांच्या बोलीत, त्यांच्याच प्रश्नांवर आणि त्यांच्या सहभागाने कार्यक्रम बनले. त्याला युनेस्कोच्या पुरस्काराने गौरवले गेले. ज्याचा प्रश्न त्याचाच आवाज, हे तत्त्व तिथे सिद्ध झाले. ते शाळेच्या फाटकातून आत यायचे मात्र राहून गेले.

हाताने शिकण्याचा आपला वारसा

खरे तर चित्रफीत बनवण्याची विद्या महाराष्ट्रात रुजली तीच हाताने शिकत. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपत एक छोटी फिल्म केली. शाळेत विज्ञानाच्या तासाला आजही करता येईल असा तो प्रयोग आहे. एक फोन, एक कुंडी आणि महिनाभराचा धीर एवढेच भांडवल लागते. फाळके यांनी १९१७ मध्ये 'चित्रपट कसा तयार करतात' हीही फिल्म केली. केलेले काम उकलून दाखवण्याची शिक्षकी वृत्ती त्यांच्यात पहिल्यापासून होती.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा जुळवला. त्यांच्या हाताखाली विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल तयार झाले. हीच जोडी पुढे 'प्रभात' फिल्म कंपनीत आली. 'प्रभात' १९३३ मध्ये पुण्यात स्थिरावली आणि १९३६ मध्ये 'संत तुकाराम' पडद्यावर आला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आजच्या औद्योगिक पट्ट्याला खेटून असलेल्या देहूची कथा अशी जगापुढे गेली; १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर'च्या रूपाने आळंदीचीही गेली. प्रभातच्या त्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. निगडी-आकुर्डीच्या मुलांपासून लोकलच्या प्रवासावर देशातले सर्वांत नावाजलेले चित्रपट-विद्यालय आहे.

दुसरा वारसा चाकणच्या आणखी जवळचा आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळकरी मुलांनी वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती ही कामे प्रत्यक्ष करावीत, गावाला उपयोगी पडतील अशी करावीत आणि त्यातून गणित-विज्ञान शिकावे, हा त्यांचा विचार होता. 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या नावाने तो राज्यातल्या शाळांत गेला. व्हिडिओचे शिक्षणही या वाटेने यावे असे मला वाटते. ज्या मुलाने वायरिंग करून घरातला दिवा लावला त्याला वीज समजते, तसे ज्याने स्वतः एक मुलाखत कापून दोन मिनिटांची केली त्याला बातमी समजते. समोरच्या पडद्यावर काय घेतले आहे आणि काय गाळले आहे, हे त्याला पुन्हा कधी सांगावे लागत नाही.

अभ्यासक्रमात जागा आहे का?

आहे, आणि आपण समजतो त्यापेक्षा जास्त आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासात प्रसारमाध्यमे आणि मनोरंजनाची माध्यमे यांवर स्वतंत्र पाठ आहेत. दहावीच्या मराठीत बातमीलेखन आणि जाहिरातलेखन आहे. अकरावीच्या युवकभारतीत सूत्रसंचालन, अनुदिनीलेखन आणि रेडिओजॉकी आहे, तर बारावीत मुलाखत, अहवाल आणि वृत्तलेख आहे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत 'मास मीडिया स्टडीज' हा कौशल्य विषय आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत.

अडचण अशी की हे सारे कागदावर सुटते. मुलाखतीचा पाठ शिकलेली मुलगी परीक्षेत "मुलाखतकाराची पूर्वतयारी" यावर सहा ओळी लिहिते आणि पूर्ण गुण मिळवते. एकाही माणसासमोर बसून तिने प्रश्न विचारलेला नसतो. उत्तर ऐकताना पुढचा प्रश्न बदलावा लागतो, समोरचा गप्प झाला तर आपणही थांबायचे असते, हे तिला कोणत्या ओळीतून कळणार? नवा विषय वाढवण्याची गरज नाही. असलेले पाठ करून पाहण्याची आहे.

घराकडे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. २०२४ च्या 'असर' या शिक्षणविषयक अहवालानुसार ग्रामीण भारतात १४ ते १६ वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे कॅमेरा मुलांच्या हातात आलेलाच आहे. टिकटॉकवर २०२० च्या जूनमध्ये बंदी आली आणि त्याच सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स पहिल्यांदा भारतातच आणले. मुलांचा रीळ फिरवणारा अंगठा एक दिवसही थांबला नाही. शिकवण्याचे काम आपण केले नाही, म्हणून ते रील्सनी केले.

इथल्या मुलांकडे सांगण्याजोगे काय आहे?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली आणि माळरानाचे रूप बदलू लागले. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे चाकणला वाहन कंपन्यांचे कारखाने आले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण, उत्तर प्रदेश, बिहार, सगळीकडून माणसे आली. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवते. एका वर्गात चार प्रकारची मराठी ऐकू येते आणि घरी आणखी दोन भाषा असतात.

हे शहर दृश्यांनी भरलेले आहे. पण त्याची गोष्ट सांगणारे कॅमेरे कंपनीच्या जाहिरातीचे नाहीतर अपघाताच्या बातमीचे. मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले तर काय काय निघेल! एमआयडीसीत अनेक ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शाळेची रविवारी. बाप आणि मूल एकत्र जेवणार तरी कधी? हा तीन मिनिटांच्या माहितीपटाचा विषय आहे, आणि तो त्या घरातल्या मुलाशिवाय कोणाला सुचणार नाही. आजोबांची जमीन कारखान्यात गेली, त्या जागी आज काय उभे आहे? आषाढीच्या आधी आकुर्डीत मुक्कामाला येणाऱ्या तुकोबांच्या पालखीसाठी कोणत्या घरी किती भाकरी होतात? इंद्रायणीवर फेस येतो तो कुठून? चाकणच्या संग्रामदुर्गात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्ताखानाला जवळपास दोन महिने झुंजवले, त्या किल्ल्याची आज किती तटबंदी उरली आहे? गणपतीतले हलते देखावे कोण बनवते, आणि दिवसा तो माणूस कोणत्या यंत्रावर काम करतो?

यातला शेवटचा प्रश्न मला विशेष जवळचा वाटतो. कारखान्याच्या फाटकाच्या आत चित्रीकरणाला सहसा परवानगी नसते. इथल्या मुलांनी आपल्या आई-वडिलांचे काम डोळ्यांनी पाहिलेलेच नसते. पण मुलाखतीला फाटक आडवे येत नाही. घरी कॉटवर बसून बाबा हाताच्या खुणांनी सांगतात, "पार्ट असा बसवायचा, मग टॉर्क मारायचा, चाळीस सेकंदांत गाडी पुढे." त्या हातांवर धरलेला कॅमेरा ही उत्तम शिकवणी आहे. त्या दिवसानंतर मुलाला बापाचे थकणे वेगळे दिसते.

इथेच भाषेचाही प्रश्न सुटतो. बीडहून आलेल्या आजीचे बोलणे 'शुद्ध' करून लिहा, असे वही सांगते. ध्वनिमुद्रण मात्र ती बोलते तसेच ठेवते. वर्गात ते सगळ्यांनी ऐकले की आपल्या घरची बोली लपवण्याची गोष्ट नव्हे, हे मुलाला न सांगता कळते. निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसे आपापल्या बोलीत, अशी घडण केली तर दोन्हींचा मान राहतो.

शिकवायचे काय आणि कोणत्या क्रमाने

सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नये. आधी कानापासून करावी. मुलांना पाच मिनिटे डोळे मिटून बसवावे आणि ऐकू आलेले आवाज लिहायला लावावेत. चित्र थोडे हलले तरी लोक पाहतात. आवाज कळला नाही तर उठून जातात. म्हणून शाळेने पहिला पैसा कॉलर माइकवर खर्च करावा, कॅमेऱ्यावर नव्हे. पंखा बंद करणे, फोन एअरप्लेन मोडवर टाकणे, बोलणाऱ्यापासून माइक वीतभर अंतरावर ठेवणे, ही शिस्त एका तासात अंगवळणी पडते.

मग पाहणे. खिडकीकडे पाठ केलेल्या माणसाचा चेहरा काळा का पडतो, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी समजावावे. फोन आडवा धरणे, प्रत्येक शॉट दहा सेकंद न हलवता घेणे, लांबून, मधून आणि जवळून असे तीन शॉट घेणे, एवढ्या तीन नियमांवर पहिले सत्र निघते. बाईट, म्हणजे बोलणाऱ्याचे चित्रित वाक्य, घेतल्यावर त्यावर टाकायला हातांचे, अंगणाचे, यंत्राचे बी-रोल, म्हणजे जोडदृश्य, लागते, हे मुलांना पहिल्या फसलेल्या फिल्मवरून कळते. ते फसू द्यावे.

त्यानंतर संकलन. माझ्या मते सगळ्यात मोलाची शिकवण इथेच आहे. वीस मिनिटांच्या मुलाखतीतून दोन मिनिटे काढायची म्हणजे काय महत्त्वाचे हे ठरवायचे. निबंधात खाडाखोड करायला कंटाळणारे मूल एडिट टेबलवर तीच ओळ दहा वेळा ऐकते. आणि त्याच टेबलवर नीतीचा धडाही येतो. काकांचे अर्धे वाक्य कापले तर अर्थ उलटा होतो. मग कापायचे का? संगणकावर ओपनशॉट, केडेनलाइव्ह ही संकलनाची आणि ऑडॅसिटी हे ध्वनीचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. जुन्या संगणकावरही काम भागते.

शेवटी प्रसारण. ते नसेल तर सारे शिक्षण अर्धवट राहते, कारण प्रेक्षक आहे म्हटल्यावरच जबाबदारी येते. ब्रिटनमध्ये बीबीसीने 'स्कूल रिपोर्ट' हा उपक्रम चालवला. २००७ पासून दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी देशभरातल्या शाळा आपली बातमीपत्रे तयार करत आणि दुपारी दोनची मुदत सगळ्यांना सारखी असे. घड्याळ हाच तिथला मोठा शिक्षक होता. त्याहून जुने उदाहरण फ्रान्समधले. १९२० च्या दशकात सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाने वर्गात छापखाना आणला. मुले गावात फिरत, पाहिलेले लिहीत, स्वतः खिळे जुळवून छापत आणि दूरच्या शाळेला पाठवत. तिथून उत्तर येई. आपल्याकडची हस्तलिखिते आणि भित्तिपत्रके याच गोत्रातली आहेत. व्हिडिओ हा त्यांचा धाकटा भाऊ समजावा.

जपायच्या गोष्टी

मुलांच्या हाती प्रसारण देताना काही गोष्टींत तडजोड चालणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. अत्याचारग्रस्त किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करणे पॉक्सो आणि बालन्याय कायद्यांनी निषिद्ध आहे. पण कायद्याच्या अलीकडेही साधी माणुसकी आहे. ज्याला चित्रित केले त्याला फिल्म आधी दाखवावी आणि "हे नको" म्हणाला तर ते काढून टाकावे. पहिले प्रसारण वर्गात, दुसरे परिपाठात, तिसरे पालकसभेत. इंटरनेटचा नंबर त्यानंतर, आणि दरवेळी यायलाच हवा असेही नाही. चित्रपटातली गाणी उचलून लावू नयेत. शाळेत हार्मोनियम, ढोलकी आणि गळे आहेत.

कामाच्या वाटपातही लक्ष हवे. मोकळे सोडले तर मुली नटून निवेदिका होतात आणि कॅमेरा, संगणक मुलांकडे जातो. पाच-सहा जणांचा गट करून दर फिल्मला कामे फिरवावीत. बुजऱ्या मुलाला कॅमेऱ्यामागे जागा मिळते, हा या कामाचा मोठा गुण आहे. पण तो तिथेच अडकून पडू नये.

आणि एक धोका शाळेकडूनच आहे. आज शाळेत कॅमेरा निघतो तो दोन कारणांसाठी. उपक्रम झाल्याचा पुरावा वर पाठवायला, नाहीतर प्रवेशाच्या हंगामात शाळेची जाहिरात करायला. शिक्षक फोटो अपलोड करून थकले आहेत. त्यात "मुलांनी बनवलेला व्हिडिओ" ही आणखी एक रकाना भरायची गोष्ट झाली, तर या विद्येचे मरण ठरलेले आहे. मुलांनी शाळेच्या नळाला पाणी नाही यावर फिल्म केली, तर ती परिपाठात दाखवण्याची हिंमत मुख्याध्यापकांकडे असली पाहिजे. कसोटी तीच.

पैसा, माणसे आणि पुढची दिशा

सरकारचे लक्ष या क्षेत्राकडे वळले आहे. २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीच्या साह्याने १५,००० माध्यमिक शाळांत कंटेंट क्रिएटर लॅब उभारण्याची घोषणा झाली. स्वागत करावे असेच पाऊल आहे. पण बालचित्रवाणीचा अनुभव विसरू नये. यंत्रे आणि स्टुडिओ यांच्याभोवती उभी राहिलेली व्यवस्था निधी थांबताच थांबते. शिक्षकांच्या आणि मुलांच्या हातात गेलेले कौशल्य थांबत नाही. लॅबच्या पैशातला मोठा वाटा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावा.

या पट्ट्याला तर आणखी एक सोय आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी द्यावे लागतात, आणि इथे अशा कंपन्या हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांनी शाळांना मोठे पडदे पुष्कळ दिले. आता माइक द्यावेत, आणि सुरक्षेच्या, प्रशिक्षणाच्या फिती बनवणारी आपली माणसे महिन्यातून एक दुपार शाळेत पाठवावीत. वर्षातून एक दिवस फाटक उघडून, सुरक्षेचे नियम पाळून, कामगारांच्या मुलांना आई-वडिलांचे काम चित्रित करू द्यावे. महापालिकेकडे प्रेक्षागृहे आहेत, चिंचवडला सायन्स पार्क आहे. एका रविवारी तिथे मुलांच्या फिल्म लागाव्यात. आणि फ्रेनेप्रमाणे शाळांच्या जोड्या लावाव्यात. भोसरीच्या शाळेने आपली फिल्म पाबळच्या बाजूच्या शाळेला पाठवावी आणि उत्तराची वाट पाहावी.

सुरुवात याहून लहान असली तरी चालेल. आठवड्यातून एक दिवस, समजा शुक्रवारी, परिपाठात वर्तमानपत्रातल्या बातम्या न वाचता मुलांनी गोळा केलेली एकच बातमी दोन मिनिटांत ऐकवावी. पडदा नसला तर ध्वनिक्षेपकावरून नुसता आवाज. गुरुवार सुट्टीचा, बाबा घरी असतात. मुलीने शाळेतून आल्यावर त्यांना विचारलेले असेल, "बाबा, तुम्ही दिवसभरात किती गाड्या बघता?" दुसऱ्या दिवशी मैदानावर तीनशे मुले रांगेत उभी असतील आणि त्या बापाचा आवाज ती ऐकत असतील. त्यातल्या कित्येकांचे वडील तेच काम करत असतील. ती सगळी मुले त्या दोन मिनिटांत ताठ उभी राहतील, याची मला खात्री आहे.